मेंढी चोरणारा बाप आणि निळे सदरे

‘कन्फ्यूशियस म्हणजे चिन्यांचा मनूच की!’ चीनविषयी कुठे चार शब्द बोलायला उभा राहिलो, की श्रोत्यांतून हे वाक्य हमखास येते. कधी कौतुकाने येते, कधी रागाने. गेली वीसेक वर्षे मी नोकरी सांभाळून, मिळतील तेथून पुस्तके मिळवून चीनचा इतिहास वाचतो आहे. चिनी भाषा कुणा गुरूपाशी बसून शिकलेलो नाही, त्यामुळे मूळ ग्रंथांशी माझा व्यवहार भाषांतरांतून चालतो. एकाच वचनाची चार-पाच भाषांतरे शेजारी मांडून वाचायची सवय मात्र त्यातून लागली. हा लेख त्या सवयीचे फळ आहे.

मनूशी केलेली तुलना फार पुढे जात नाही, हे आधी सांगून टाकतो. कन्फ्यूशियस (इ.स.पू. ५५१ ते ४७९) लू नावाच्या लहानशा राज्यात वाढला, चांगल्या राजाच्या शोधात राज्योराज्ये भटकला आणि शेवटी शिष्यांना शिकवत राहिला. मागाहून संकलित झालेल्या त्याच्या संवादांत दंडसंहिता नाही. माणसाची जागा जन्मावरून कायमची ठरते, असेही तो म्हणत नाही. सुकवलेल्या मांसाची जुडी गुरुदक्षिणा म्हणून आणणाऱ्या कुणालाही तो शिकवायला तयार असे. अर्थात त्याचे जग समतेचे नव्हे. राजा-मंत्री, बाप-मुलगा, नवरा-बायको, थोरला-धाकटा आणि मित्र-मित्र ही पाच नाती त्याच्या परंपरेत सांगितली जातात. त्यांतले शेवटचे सोडले तर उरलेल्या चारांत एक वर आहे आणि एक खाली. बायकांच्या वाट्याला तर खालचेच टोक आले.

म्हणून ‘मनू’ या प्रश्नापेक्षा मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. वर-खाली मानणारा, आज्ञाधारकपणाची थोरवी गाणारा हा विचार विसाव्या शतकात फॅसिझमच्या हाती लागला, तेव्हा त्याचे काय झाले? हा काही कल्पनेचा खेळ नाही. १९३० च्या दशकात चीनमध्ये हा प्रयोग प्रत्यक्ष झाला. अमेरिकन इतिहासकार फ्रेडरिक वेकमन यांनी त्याला ‘कन्फ्यूशियन फॅसिझम’ असे नावच दिले. हे नाव सर्वांना मान्य नाही. लॉइड ईस्टमन यांनी १९७४ मध्ये त्या काळातल्या निळ्या सदऱ्यांना फॅसिस्ट ठरवले. मारिया शिया चांग यांनी १९८५ मध्ये ते खोडून काढताना म्हटले, की हा मागासलेल्या देशाचा विकासवादी राष्ट्रवाद होता, युरोपातला फॅसिझम नव्हे. मला वेकमन यांचे नाव पटते, पण त्या जोडशब्दातला पहिला शब्द कितपत खरा आहे, याची झडती घेतली पाहिजे.

स्थळ नानचांग, च्यांगशी प्रांताची राजधानी. वर्ष १९३४. चँग कै-शेक आपल्या फौजांसह येथे तळ ठोकून होते, कारण याच प्रांताच्या डोंगराळ भागात माओ आणि त्यांच्या साथीदारांनी सोव्हिएत प्रजासत्ताक उभारले होते. जर्मन लष्करी सल्लागारांच्या मदतीने चँग यांनी त्याभोवती हजारो लहान गढ्या बांधून वेढा आवळत आणला होता. शहरातच इटालियन लोकांचे विमानविषयक शिष्टमंडळ होते. तीन भाग लष्करी काम आणि सात भाग राजकीय काम, असे या मोहिमेचे सूत्र ठरले होते. गावोगाव ‘पाओच्या’ ही जुनी पद्धत पुन्हा लागू झाली: साधारण दहा घरांचा एक गट, अशा दहा गटांचा एक मोठा गट, आणि एका घराने गुन्हा केला व शेजाऱ्यांनी तो कळवला नाही, तर शेजारीही गुन्हेगार. ही पद्धत लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम आहे.

१९ फेब्रुवारी १९३४ रोजी याच शहरात चँग यांनी ‘नवजीवन चळवळ’ जाहीर केली. नानचांगच्या रस्त्यांवरची शाळकरी मुले कशी अस्ताव्यस्त कपड्यांत फिरतात, हे पाहून आपल्याला दुःख झाले, असे ते भाषणात म्हणाले. जपानी लोक थंड पाण्याने तोंड धुतात, थंड भात खातात. त्यांचे रोजचे जगणेच लष्करी झालेले आहे आणि म्हणून ते बलवान आहेत, असेही त्यांनी सांगितले. (ज्या जपानने अडीच वर्षांपूर्वी मांचुरिया गिळली, त्याच जपानचा दाखला!) मग नियम आले, शंभराला चार-पाच कमी. सदऱ्याच्या गुंड्या लावा. रस्त्यावर थुंकू नका. चालताना सिगारेट ओढू नका. डावीकडून चाला. जेवताना आवाज करू नका. वेळ पाळा. माश्या आणि उंदीर मारा. बायकांच्या ‘चमत्कारिक’ पोशाखांवर आणि केस कुरळे करून घेण्यावर बंदीची फर्माने निघाली. रस्त्यावर पोलीस, विद्यार्थी आणि बालवीर उभे राहू लागले. गुंडी उघडी दिसली, की माणसाला थांबवायचे.

हे वाचून हसू येते, मलाही आले. पण चँग यांचे ध्येय स्पष्ट शब्दांत लिहिलेले आहे: लोकांचे जगणे लष्करी, उत्पादक आणि सौंदर्यपूर्ण करायचे. या तिघांत पहिले खरे, उरलेली दोन त्याच्या सोबतीला. मुसोलिनीच्या राजवटीला तेव्हा बारा वर्षे होत आली होती आणि त्याच्या बालसेना पाहायला जगभरातून माणसे जात. आपल्याकडचे डॉ. बा. शि. मुंजे १९३१ च्या मार्चमध्ये रोमला त्याला भेटून आले होते आणि नाशिकची लष्करी शाळा १९३७ मध्ये सुरू झाली. विस्कळीत, पराभूत वाटणाऱ्या समाजाला गणवेशाचे त्या काळी मोठे आकर्षण होते, आणि चीनपुरते ते नव्हते.

आता या चळवळीचे तत्त्वज्ञान पाहू. तिच्या झेंड्यावर चार शब्द होते: ली, यी, ल्यान, छी. ढोबळ मराठीत शिष्टाचार, न्यायबुद्धी, निःस्पृहता आणि लाज. सगळे जग या चार शब्दांना ‘कन्फ्यूशियसची शिकवण’ म्हणत होते. चँग यांच्या पत्नी सुंग मेइ-लिंग अमेरिकी वाचकांना इंग्रजीतून तेच समजावत होत्या. गंमत अशी, की ही चौकडी कन्फ्यूशियसच्या संवादांत नाहीच. ती येते ‘ग्वानझी’ या ग्रंथातून. हा ग्रंथ छी राज्याचा कर्तबगार मंत्री ग्वान चुंग याच्या नावावर चालतो, आणि त्यातला बराच भाग राज्य बळकट कसे करावे, तिजोरी कशी भरावी, याविषयी आहे. हे चार शब्द राज्याचा तंबू ताणून धरणारे चार दोर आहेत, ते सुटले तर राज्य कोसळते, अशी त्यात उपमा आहे. म्हणजे नीती येथे राज्याच्या उपयोगाची वस्तू म्हणून येते. खुद्द कन्फ्यूशियसचे ग्वान चुंगविषयी मत दुहेरी होते. रानटी टोळ्यांपासून त्याने आपल्याला वाचवले, हे तो मान्य करतो. पण त्याला ‘ली’ कळत असेल तर मग जगात ते कुणाला कळत नाही, असा खोचक शेराही मारतो. ज्याला शिष्टाचार कळत नाही असे कन्फ्यूशियस म्हणाला, त्याच्याच नावाच्या ग्रंथातून शिष्टाचाराचे ब्रीद उचलले गेले आणि त्यावर शिक्का मात्र कन्फ्यूशियसचा बसला!

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या चौकडीत ‘रन’ नाही. रन म्हणजे माणुसकी, दुसऱ्याविषयीची आच. संवादांत सर्वांत जास्त चर्चा ज्याची आहे, ते हे मूल्य. सुन यत-सेन यांनी सांगितलेल्या आठ सद्‌गुणांच्या यादीत ते होते आणि चँग यांनी ती यादी नाकारली नव्हती. पण रस्त्यावरच्या फलकांसाठी निवड करायची वेळ आली, तेव्हा आच मागे राहिली.

शब्दांचे अर्थही सरकत गेले. सुरुवातीच्या पत्रकात ‘ली’चा अर्थ नियमबद्ध वागणे असा होता. जपानशी युद्ध पेटल्यावर चारही शब्दांना नवे अर्थ दिले गेले. ली म्हणजे कडक शिस्त, यी म्हणजे मन मोठे करून केलेले बलिदान, ल्यान म्हणजे काटकसर, आणि छी, म्हणजे लाज, तिचा अर्थ झाला त्वेषाने लढणे. युद्धाच्या काळात देशाने असे बोलावे हे समजण्यासारखे आहे. पण लाजेचा अर्थ लढाई होतो, तेव्हा कोशातून मूळ शब्द नाहीसा झालेला असतो.

या लाजेविषयी कन्फ्यूशियसचे स्वतःचे म्हणणे फार निराळे होते. त्याच्या एका प्रसिद्ध वचनाचा मथितार्थ असा: लोकांना हुकूम आणि शिक्षा यांनी हाकाल, तर ते शिक्षा चुकवायला शिकतील आणि त्यांना लाज म्हणून राहणार नाही, स्वतःच्या सद्‌वर्तनाने आणि शिष्टाचाराने पुढे चालाल, तर त्यांच्यात लाज उपजेल आणि ते आपोआप सुधारतील. हे वाचून नानचांगच्या कोपऱ्यावरचा पोलीस डोळ्यांपुढे आणावा. त्याला पाहून गुंडी लावली जाते, तो वळला की निघते. ही चळवळ काही वर्षांत थंडावली, याचे आश्चर्य वाटायला नको. तिच्या अपयशाचे निदान तिच्या आराध्याने अडीच हजार वर्षे आधी करून ठेवले होते.

येथे मी मेंढीकडे येतो. संवादांच्या तेराव्या अध्यायात एक किस्सा आहे. एक सरदार कन्फ्यूशियसला अभिमानाने सांगतो: आमच्याकडे एक असा सरळमार्गी माणूस आहे, की बापाने मेंढी चोरली तेव्हा त्याने स्वतः बापाविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडे सरळपणा वेगळा असतो. बाप मुलाचे झाकतो, मुलगा बापाचे झाकतो, आणि सरळपणा त्यातच असतो.

आजच्या वाचकाला हे उत्तर खटकते. भ्रष्टाचाराचे, घराणेशाहीचे समर्थन वाटते, आणि तशा कामी ते वापरलेही गेले. पण जरा थांबून पाहावे. राज्याची मागणी आणि घरातले प्रेम समोरासमोर आले, तर राज्याला प्रत्येक वेळी पहिला हक्क नाही, असे कन्फ्यूशियस सांगतो आहे. हे पुढे नुसते नीतिवचन उरले नाही, कायद्यात उतरले. इ.स. ६५३ च्या थांग संहितेने जवळच्या नातलगांना एकमेकांचे गुन्हे लपवायची मुभा दिली आणि आईबापांविरुद्ध फिर्याद करणाऱ्या मुलालाच शिक्षा ठेवली. राजद्रोहासारख्या गुन्ह्यांचा अपवाद होता, हेही सांगायला हवे. सम्राट इतके भोळे नव्हते.

हाच मेंढीचा किस्सा कन्फ्यूशियसच्या विरोधकांनीही सांगितला आहे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातला हान फेई हा राज्यसत्तेचा कठोर पुरस्कर्ता. त्याच्या मते बापाशी प्रामाणिक असलेला मुलगा राजाच्या दृष्टीने घातकच असतो. दोन्ही निष्ठा एकत्र नांदत नाहीत, म्हणून राजाने एक निवडावी. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर नजर ठेवायची पद्धतही याच पंथाची. शांग यांग या मंत्र्याने छिन राज्यात ती आणली. पुढे ती कन्फ्यूशियन म्हणवणाऱ्या मंत्र्यांनीही वापरली, अकराव्या शतकात वांग आन-श याने तिला ‘पाओच्या’ हे नाव दिले. आता नानचांगच्या भोवतालची खेडी आठवावीत. शेजाऱ्याने कळवले नाही तर तोही गुन्हेगार. मेंढीच्या प्रश्नाचे चँग यांच्या सरकारने दिलेले उत्तर हान फेईचे होते, कन्फ्यूशियसचे नव्हे.

मुसोलिनीचे सूत्र सर्वश्रुत आहे: सारे काही राज्याच्या आत, राज्याबाहेर काहीच नाही. जो विचार चोरट्या बापालाही राज्यापासून झाकू देतो, तो विचार या सूत्राशी मुळात जुळत नाही.

मग जुळवले कुणी? येथे निळे सदरे येतात. १९३२ च्या वसंतात नानकिंगला व्हांगपू लष्करी विद्यालयाच्या तरुण माजी विद्यार्थ्यांनी एक गुप्त संघटना स्थापली. तिचे नाव ‘लीशिंगशे’, म्हणजे निर्धाराने आचरण करणाऱ्यांची मंडळी. ‘लीशिंग’ हा शब्दही कन्फ्यूशियन परंपरेतल्या ‘मध्यम मार्ग’ या ग्रंथातला. तेथे तो माणुसकीच्या जवळ जाण्याचा मार्ग म्हणून येतो. तिच्या बाहेरच्या वर्तुळातल्या संघटनेचे नाव ‘फूशिंगशे’, पुनरुत्थान मंडळ. निळा सदरा हे लोकांनी आणि परकीय वार्ताहरांनी चिकटवलेले नाव. सभासद ते नाकारत. नेत्याशी संपूर्ण निष्ठा, कम्युनिस्टांचा निःपात, राष्ट्राचा पुनर्जन्म, ही त्यांची त्रिसूत्री. हो चुंग-हान, तंग वेन-यी, खांग झ अशी माणसे त्यात होती. नवजीवन चळवळीत हीच मंडळी मोक्याच्या जागी बसली.

आणि त्यात दाइ ली होते, चँग यांच्या गुप्तहेर यंत्रणेचे प्रमुख. १८ जून १९३३ रोजी शांघायमध्ये यांग शिंग-फो यांना गोळ्या घालून मारण्यात आले. ते नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघाचे चिटणीस होते. सुंग छिंग-लिंग, म्हणजे सुन यत-सेन यांच्या विधवा आणि चँग यांच्या मेव्हणी, त्या संघाच्या संस्थापकांपैकी. लेखक लू शुनही त्या संघात होते. अंत्ययात्रेला निघताना त्यांनी घराची किल्ली बरोबर घेतली नाही, असे सांगतात. परत येऊ याची खात्री नव्हती. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ‘शनपाओ’ या मोठ्या वृत्तपत्राचे मालक श लियांग-छाई हांगचौहून परतत असताना वाटेत मारले गेले. नवजीवन चळवळ सुरू होऊन तेव्हा नऊ महिने झाले होते. रस्त्यावर थुंकण्यास बंदी होती.

त्याच १९३४ साली कन्फ्यूशियसची जयंती २७ ऑगस्टला सरकारी इतमामाने साजरी होऊ लागली. छूफू गावी राहणाऱ्या त्याच्या सत्त्याहत्तराव्या पिढीतल्या वंशजाला, खुंग दे-चंग यांना, पुढच्या वर्षी सरकारी पूजकाचा दर्जा मिळाला. हा सगळा सोहळा मांडणारे चँग स्वतः १९३० मध्ये बाप्तिस्मा घेऊन मेथडिस्ट ख्रिस्ती झालेले होते आणि नवजीवन चळवळीत पुढे अमेरिकन मिशनरीही सामील झाले. जुन्या ग्रंथांपैकी चँग मनापासून काही वाचत असतील तर वांग यांग-मिंगचे. जाणणे आणि करणे एकच आहे, असे सांगणारा हा पंधराव्या-सोळाव्या शतकातला तत्त्वज्ञ आणि सेनापती. चँग यांची त्याच्यावरची श्रद्धा ढोंगी होती असे मला वाटत नाही. त्यांच्या तरुण अनुयायांनी मात्र त्यातले ‘करणे’ तेवढे घेतले.

लू शुन यांनी १९३५ मध्ये एका जपानी नियतकालिकासाठी आजच्या चीनमधल्या कन्फ्यूशियसवर लेख लिहिला. त्यांचे म्हणणे असे, की हा साधुपुरुष चीनमध्ये नेहमी सत्ताधाऱ्यांनीच डोक्यावर घेतला. सामान्य माणसाचा त्याच्याशी संबंध नव्हता. सत्तेच्या दारावर थाप मारायला हातात घ्यायची ती वीट. दार उघडले, की फेकून द्यायची. त्यांच्यापुढे ताजी उदाहरणे होती. १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष युआन श-काई यांनी कन्फ्यूशियसची राजेशाही थाटात पूजा केली आणि पुढच्या वर्षी स्वतःला सम्राट म्हणवले. काही महिन्यांत ते आसन गेले.

लू शुन यांचा घाव वर्मी बसतो, तरी मला तो पुरेसा वाटत नाही. वीट हाताशी का होती, हे ते सांगत नाहीत. कन्फ्यूशियन विचारात फॅसिस्ट हाताला पकडायला सोपी अशी एक मूठ खरोखर होती. ‘महाविद्या’ या छोट्या ग्रंथात एक साखळी आहे: मन शुद्ध करा, स्वतःला घडवा, मग घर नीट लागेल, मग राज्य, मग सगळे जग. सुंदर कल्पना आहे. पण तिचा उलटा वाचनमार्गही आहे. राज्य नीट चालत नसेल, तर दोष तुमच्या मनात, तुमच्या घरात, तुमच्या गुंडीत. दुष्काळ, सावकार, सरंजामी कर, परकीयांच्या वसाहती ही सगळी कारणे गळून पडतात आणि उरतो तो नागरिकाचा चारित्र्यदोष. शिवाय या साखळीत घर आणि राज्य यांच्या मधे दुसरे काही नाही. संघ नाही, न्यायालय नाही, वृत्तपत्र नाही. घराचा कोट एकदा फोडला, की राज्यापुढे माणूस एकटा उभा राहतो. आरिफ दिरलिक यांनी १९७५ मध्ये नवजीवन चळवळीला प्रतिक्रांती म्हटले. लोकांना हलवायचे, पण समाजाची घडी हलू द्यायची नाही, हा तिचा डाव होता.

ही खोच त्याच वेळी नेमकी पकडली हू श यांनी. पेकिंगचे हे प्राध्यापक कम्युनिस्ट नव्हते, चँग यांचे शत्रूही नव्हते. चळवळ सुरू होऊन महिना-सव्वा महिना झाला असेल, तेव्हा त्यांनी वृत्तपत्रात लिहिले, की गुंड्या लावणे, न थुंकणे ही साधी माणसाची किमान शहाणीव आहे, राष्ट्र वाचवणारे औषध नव्हे. वाईट सवयींचे मूळ बहुतेक वेळा गरिबीत असते. ज्या घरातली मुले उकिरड्यावर अर्धवट जळलेला कोळसा वेचतात, त्यांना सापडलेली वस्तू मालकाला परत करा असे कोणत्या तोंडाने सांगणार? सरकारचे पहिले काम लोकांना जगता येईल असे करणे. गंमत म्हणजे मेन्शियसही हेच म्हणाला होता: पोट भरण्याची शाश्वती नसेल, तर सामान्य माणसाचे मन स्थिर राहत नाही, आणि मग त्याने गुन्हा केल्यावर शिक्षा करणे म्हणजे त्याला जाळ्यात पकडणे होय. पाश्चात्त्य विद्येचा, कन्फ्यूशियसच्या पूजेला विरोध करणारा हू श येथे सरकारी कन्फ्यूशियनांपेक्षा परंपरेला अधिक जवळचा निघाला.

मेन्शियस हा या परंपरेतला दुसरा मोठा पुरुष आणि सत्ताधाऱ्यांची जुनी डोकेदुखी. प्रजा सर्वांत मोलाची, राजा सर्वांत हलका, असा त्याचा क्रम. जुलमी राजाला मारले तर तो राजवध नव्हे, एका दुष्ट इसमाचा वध होय, असे त्याने एका राजाच्याच तोंडावर सांगितले. मिंग घराण्याचा संस्थापक सम्राट हे वाचून इतका भडकला, की १३९४ मध्ये त्याने मेन्शियसच्या ग्रंथातली ८५ वचने कापून काढून नवी आवृत्ती काढवली. मेन्शियसचा ग्रंथ घेऊन जपानला निघालेले जहाज वाटेत बुडते, अशी एक जुनी चिनी आख्यायिका आहे. पण जपानने मेन्शियसही पचवला. १८९० च्या शिक्षणविषयक राजाज्ञेत पितृभक्ती, बंधुप्रेम वगैरे कन्फ्यूशियन गुण आहेत. ते सारे जाऊन मिळतात सम्राटासाठी मरण्याला. १९३२ मध्ये जपान्यांनी मांचुरियात बाहुले राज्य उभारले, तेव्हा त्याचे अधिकृत तत्त्व होते मेन्शियसचा ‘राजमार्ग’, आणि कन्फ्यूशियसच्या देवळांत तेथेही पूजा होत. म्हणजे १९३७ साली युद्ध पेटले तेव्हा दोन्ही बाजूंच्या कवायती एकाच गुरूच्या तसबिरीखाली चालल्या होत्या.

कापाकापीत गळालेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ‘च्येन’, सत्तेच्या तोंडावर तिची चूक सांगण्याचे कर्तव्य. पितृभक्तीवरच्या ग्रंथातही म्हटले आहे, की बाप चुकत असेल तर मुलाने त्याच्याशी वाद घातलाच पाहिजे. मुकाट्याने ऐकणे ही भक्ती नव्हे. १५६६ मध्ये हाय रुई या अधिकाऱ्याने मिंग सम्राटाला त्याच्या नाकर्तेपणाबद्दल पत्र लिहिले, आणि ते देण्याआधी स्वतःसाठी शवपेटी विकत घेऊन ठेवली. चार शतकांनी इतिहासकार वू हान यांनी त्याच्यावर नाटक लिहिले. १९६५ मध्ये त्या नाटकावर झालेल्या हल्ल्याने माओच्या सांस्कृतिक क्रांतीची ठिणगी पडली. वू हान १९६९ मध्ये तुरुंगात वारले. कन्फ्यूशियसला गाडू पाहणाऱ्या राजवटीलाही त्याच्या परंपरेतला हाच एक माणूस सहन झाला नाही.

चँग यांच्या बाजूला काय घडले, ते सांगून थांबतो. १९४९ मध्ये ते तैवानला गेले. कन्फ्यूशियसचे वंशज खुंग दे-चंगही गेले. १९३९ पासून सर्व शाळांचे समान ब्रीद ठरलेले ते चार शब्दही गेले. बेटावर लष्करी कायदा होता. १९५६ मध्ये चँग यांनी जाहीर केले, की आपल्या वाढदिवसाला समारंभ नको, लोकांनी मोकळेपणाने मते कळवावीत. जुन्या आदर्श राजासारखेच बोलले. लेइ चन या जुन्या कुओमिंतांग कार्यकर्त्याने ते खरे मानले. आपल्या ‘स्वतंत्र चीन’ या नियतकालिकाचा त्यांनी विशेषांक काढला. हू श यांनी त्यात अध्यक्षांना सुचवले, की नेत्याने सगळे स्वतः करू नये, हात आखडून घ्यावा. इतरांनी घटनेविषयी, सैन्यातल्या पक्षाच्या शिरकावाविषयी लिहिले. अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. लगोलग सैन्याच्या राजकीय विभागाने या ‘विषारी विचारां’विरुद्ध मोहीम उघडली.

१९६० च्या सप्टेंबरात, लेइ चन विरोधी पक्ष काढण्याच्या तयारीत असताना, त्यांना अटक झाली आणि दहा वर्षांची शिक्षा झाली. हू श चँग यांना प्रत्यक्ष भेटले, उपयोग झाला नाही. लेइ चन यांनी शिक्षा पुरी भोगली. तुरुंगात त्यांनी आठवणी लिहिल्या होत्या. १९७० मध्ये सुटकेच्या आधी ती हस्तलिखिते काढून घेण्यात आली. १९७९ मध्ये ते वारले. तैवानातला लष्करी कायदा १९८७ मध्ये उठला. त्यांच्या पत्नीने आणि लोकप्रतिनिधींनी हस्तलिखिते परत मागितली. १९८८ मध्ये लष्करी तुरुंगाने ती जाळून टाकली.